भाटिया टेस्ट आणि काकू

एम.ए. सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलसाठी आज शेजारच्या काकूंच्या नववीतल्या चिरंजीवांची भाटिया टेस्ट, म्हणजे बुद्धिमत्ता चाचणी, घेतली. पाच उपचाचण्या, हातात स्टॉपवॉच. पठ्ठ्या रंगीत ठोकळे जुळवतोय आणि दारातून काकू, "अरे, तो लाल फिरव ना!" अशा वेळी आईचं काय करायचं, ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. शेवटी चहाच्या निमित्ताने त्यांना आत पिटाळलं.

मग प्रश्न. "किती मार्क पडले?" सराव आहे हो काकू, आकडा सांगत नसतात. "आता तू डॉक्टर ना?" म्हटलं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर नुसतं एम.ए. पुरत नाही. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला कोर्स लागतो, मग तिथे नोंदणी. त्याची प्रवेश परीक्षा वेगळीच.

काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा बी.एड. कर."

रिपोर्ट अजून लिहायचाय. 😅