हौसेचा धूर

तुम्ही विचारलेत म्हणून, आणि तुमच्याआधी बऱ्याच जणांनी विचारले म्हणून, एकदाचे लिहून टाकते. मांस-मासे तासन्तास मंद धुरावर शिजवायचा मला नाद आहे, आणि प्रश्न त्याबद्दलचा असतो; तो प्रत्येकाच्या तोंडी थोडा वेगळा येतो. इथल्या मंडळातल्या मैत्रिणी विचारतात की डुकराच्या एका खांद्यासाठी चौदा तास कोण खपते. वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडले आणि वर झाकण घातले की धुराचा वास लागतोच की. त्यांना उत्तर देणे सोपे आहे. वास लागतो, पण तो शिजलेल्या पदार्थाला वरून लावलेला वास असतो. माझ्याकडे धूर आणि शिजणे ही दोन कामे एकाच आचेवर, एकाच वेळी चाललेली असतात. माझ्या माहेरच्यांचा प्रश्न मात्र तसा नाही. वहिनी तो हळू आवाजात विचारते, मावसभाऊ चारचौघांत विचारतो आणि भाऊ काही न बोलता विचारतो. आईच्या फुप्फुसांचे जे झाले ते चुलीच्या धुराने झाले, तुझ्या घरी त्या रात्री जे झाले तेही धुरानेच झाले, आणि तरी तू दर पंधरा दिवसांनी अंगणात हौसेने धूर करत बसतेस, ते तुला करवते कसे?

माझे पहिले उत्तर इतकी वर्षे एकच होते, आणि ते चुकीचे आहे असे मला अजूनही वाटत नाही. तो धूर वेगळा आणि हा वेगळा. लाकूड कोरडे असेल आणि त्याला हवा पुरेशी मिळत असेल, तर त्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारे द्रव्य, तापून फुटते आणि ग्वायाकोल, सिरिंगोल यांसारखी सुगंधी द्रव्ये तयार होतात; मांसाला येणारा गोडसर, किंचित लवंगेच्या अंगाने जाणारा वास तो त्यांचाच. अशा वेळी धुराड्यातून जे बाहेर येते ते फिकट निळसर असते आणि मागे गडद झाड असल्याखेरीज नीट दिसतही नाही. हवा कोंडली किंवा लाकूड ओले असले, की ते पेटत नाही, नुसते धुमसते, पांढरा, पिवळसर, दाट लोट उठतो आणि पदार्थावर डांबरासारखा कडू थर बसतो. म्हणजे ज्याला सगळे धूर म्हणतात तो डोळ्यांना दिसू लागला की माझे काम बिघडले आहे असे समजायचे. हे मी लोकांना इतक्या वेळा समजावून सांगितले आहे की सांगताना माझा आवाज शिक्षिकेसारखा होतो, अशी माझ्या मुलाची तक्रार आहे.

मी अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनात राहते, तेव्हा हा नाद लागायला फार लांब जावे लागले नाही. या राज्याच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर निखाऱ्यांवर रात्रभर भाजतात आणि त्यावर व्हिनेगर, मिरची व मीठ एवढेच घालतात; पश्चिमेकडे लेक्झिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा घेतात आणि व्हिनेगरमध्ये थोडे टोमॅटो केचप मिसळतात. या दोन पक्षांचे भांडण आपल्याकडच्या सोलकढीत नारळ किती या भांडणाइतकेच जुने आणि तितकेच न मिटणारे आहे. कोकमाच्या आंबटावर वाढलेल्या माझ्या जिभेला पूर्वेकडचे पटले. माझ्याकडे उभा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा स्मोकर आहे : तळाशी कोळसा, मधे पाण्याचे पसरट भांडे, वर जाळी, खाली हवेच्या तीन झडपा आणि झाकणावर एक. त्यात मी डुकराचा खांदा करते, कोंबडी करते, आख्खी वांगी आणि टोमॅटो करते, आणि इथल्या किनाऱ्यावर मिळणारा स्पॅनिश मॅकरेल करते, जो आपल्या सुरमईच्याच कुळातला आहे. तो रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचा, मग पंख्याखाली त्याचे अंग चकचकीत आणि चिकट होईपर्यंत सुकवायचा, आणि मगच धुरात घालायचा. ओल्या अंगावर धूर नीट धरत नाही. मंद, थंड धुरात न शिजवता टिकवलेले मांस आणि मासे मी करत नाही, कारण त्यात मीठ, नायट्राइट (मांस टिकवणारा क्षार) आणि तापमान यांचे गणित चुकले तर बॉट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो आणि तो ना वासावरून कळतो ना चवीवरून. सावधगिरी मला कळत नाही असे नाही, हे सांगायचे आहे. आणि तरीही जे झाले ते झाले.

तो २०१७चा जून होता. आई पहिल्यांदाच इकडे आली होती आणि ते शेवटचेच ठरेल हे तेव्हा ठाऊक नव्हते. तिच्या सीओपीडीचे, म्हणजे श्वास कोंडणाऱ्या फुप्फुसांच्या कायमच्या आजाराचे, निदान त्याआधी दोन वर्षांचे. कुडाळच्या डॉक्टरांनी तिला विडी ओढता का असे विचारले होते, आणि जन्मात विडीला न शिवलेली माझी आई घरी येऊन दोन दिवस त्यावरच धुसफुसत होती. आमच्याकडे गॅस १९९६मध्ये आला. तोवर धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात तिची तीसेक वर्षे गेली होती, आणि त्यानंतरही आंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच होत राहिली.

नवऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी शनिवारी दुपारी वीस-बावीस माणसे जेवायला यायची होती. शुक्रवारी रात्री नऊला मी साडेतीन-साडेतीन किलोंचे दोन खांदे स्मोकरमध्ये घातले. हिकरीच्या लाकडाचे तुकडे मी तासभर पाण्यात भिजत घातले होते. भिजवलेले लाकूड जास्त वेळ धूर देते, असे कुठेतरी वाचून मी ते पाठ केले होते. आई मागच्या ओसरीत खुर्ची टाकून बसली होती. बादलीतले लाकूड पाहून ती म्हणाली, "वला लाकूड धुमसता गो, जळणा नाय." कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या किंजळ-ऐनाशी झगडण्यात जिचे आयुष्य गेले ती बाई मला सांगत होती, आणि मी तिला म्हणाले, "आई, ही चूल नव्हे." त्यात तिरस्कार नव्हता असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितले. होता, थोडा होता. तिला चुलीशिवाय काय ठाऊक असणार, असे मला वाटले होते.

दोनच्या सुमारास तापमान १४० अंशांवर गेले. मला ११० हवे होते. मी खालच्या तिन्ही झडपा लावल्या आणि घाईत वरचीही जवळजवळ लावली. आज हे नवशिक्या माणसाच्या हातून झाले असते तर मी रागावले असते, कारण वरची झडप कधीही लावायची नसते. धुराला बाहेर जायची वाट बंद केली की आत तो शिळा होतो आणि मिळेल त्या फटीतून येतो. वर मी आणखी दोन ओले तुकडे टाकले, गजर लावला आणि तासभर पाठ टेकायला आत गेले. आईची खोली खालच्या मजल्यावर, नेमकी ओसरीला लागून होती, आणि तिला एसी सोसत नसल्यामुळे ती रात्री खिडकी उघडून झोपत असे. ती खिडकी उघडी असते हे मला ठाऊक होते. हे वाक्य मी भावाला कधी सांगितलेले नाही. इथे लिहिते आहे.

साडेचारला मी उठले तेव्हा घराच्या आत वास येत होता. आई अंथरुणाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसली होती आणि एका श्वासात दोन शब्दांपलीकडे तिला बोलता येत नव्हते. तिने श्वास मोकळा करणारा निळा पंप रिकामा होईपर्यंत ओढला होता. मला हाक का मारली नाही, असे मी नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली, "तू दमलेलस, कशाक उठवू?" ॲम्ब्युलन्स नऊ मिनिटांत आली. इस्पितळात नेब्युलायझर, स्टेरॉइड, तोंडावर मास्क हे सर्व झाले, आणि सहाच्या सुमारास तिचा श्वास जरा सैल झाला.

माझ्या स्मोकरमध्ये फोनला जोडलेला थर्मामीटर होता. मी तो पाहिला. आई समोर मास्क लावून पडलेली असताना मी पर्समधून फोन काढला आणि मांसाचे तापमान पाहिले. ते ६७ अंशांवर अडून बसले होते. खांदा तिथे अडतोच. मांसातले पाणी पृष्ठभागावरून उडत राहते, घामाने अंग गार व्हावे तसे ते गार होत राहते, आणि चार-चार तास काटा हलत नाही. पुढे ९५पर्यंत नेल्याशिवाय त्यातला चिवटपणा जात नाही. हे सगळे गणित त्या खुर्चीवर बसून माझ्या डोक्यात झाले आणि मी नवऱ्याला फोन लावून, अगदी हळू आवाजात, खालची एक झडप पाव उघड असे सांगितले. पाहुणे रद्द झाले आहेत हे मला ठाऊक होते. मांस कोणी खाणार नव्हते. तरी सांगितले. फोन ठेवून मी वर पाहिले तेव्हा आईचे तोंड भिंतीकडे होते. तिने ऐकले की नाही हे मला माहीत नाही. मी विचारले नाही आणि तिने विषय काढला नाही.

तिला दोन रात्री ठेवून घेतले. घरी आल्यावर मी त्या मांसाचा एक धागा तोंडात घातला, तो डांबरासारखा लागला, आणि सातही किलो मी कचऱ्यात टाकले. आईला हे कळले तेव्हा ती माझ्यावर पहिल्यांदा आणि एकदाच रागावली. "एवढा मटान टाकलंस?" मग थोडा वेळ थांबून तिने मला चुलीतले जळण कसे लावायचे ते सांगितले : लाकडे एकमेकांना चिकटवायची नाहीत, मधे वारा खेळला पाहिजे, जाळ जास्त झाला तर लाकूड मागे ओढायचे पण वाट बुजवायची नाही. माझ्या झडपांचे शास्त्र याहून वेगळे काहीच नाही. पावसाळ्यात मात्र हे ज्ञान कामाला येत नसे, कारण कोरडे जळण संपलेले असे आणि स्वयंपाक थांबवता येत नसे.

पुढच्या वर्षी भाऊ फोनवर प्रथमच चिडला तेव्हा मी त्याला एक उत्तर दिले होते. आईचा धूर सक्तीचा होता, माझा निवडीचा आहे. तिच्यापुढे पर्याय नव्हता, मी वाऱ्याची दिशा पाहून खुर्ची हलवू शकते. या दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. त्या वेळी मला हे उत्तर फार बळकट वाटले होते. आता मला त्या २०१८मधल्या बाईला विचारावेसे वाटते की त्या रात्री खोलीत जो शिरला तो कोणाचा धूर होता. तो माझ्या हौसेचा होता, पण आईच्या वाट्याला आला तो सक्तीचाच. मावसभाऊ आकडे पाठवतो : घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज, आणि त्याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले, तेव्हा धुरी देणे हीसुद्धा प्रक्रियाच धरली होती, हे. पहिल्या आकड्यातली माणसे बंद घरात रोज धूर गिळणारी आहेत, मी नाही, असे मी त्याला कळवले. दुसऱ्याला मी उत्तर दिले नाही, कारण ते मला देता येत नाही; निळसर धुरातही बेंझोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य असतेच, कमी असते एवढेच.

मग करतेस का? काही वर्षे मी सांगत असे की त्यातले रसायनशास्त्र मला आवडते. मग, जरा मोकळी झाले तेव्हा, सांगू लागले की आईच्या लुगड्याला आणि केसांना येणारा वास मला यात सापडतो. चुलीवर टांगलेल्या कोकमाच्या सोलांचा, बियाण्याच्या मक्याच्या कणसांचा वास. ऐकणाऱ्यांचे डोळे यावर भरून येतात, म्हणून मी हे सांगणे बंद केले. शिवाय ते खरेही नाही. हिकरीचा वास ऐन-किंजळीसारखा नसतो, सफरचंदाचा आणि चेरीचा तर मुळीच नसतो. ज्या वासाने आईची फुप्फुसे गेली तो मला हवाहवासा वाटतो, हे कबूल करायला मी तयार आहे, पण त्यासाठी मी हे करते असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या हट्टाला आईचा पदर पांघरणे झाले. मला विस्तवापाशी बसायला आवडते आणि ते मला चांगले जमते. याहून मोठे कारण शोधून मी थकले आहे.

त्या जूननंतर आठ महिने स्मोकर झाकून ठेवला होता. आता तो ओसरीपासून लांब, मागच्या कुंपणाशी असतो. लाकडातला ओलावा मोजायचे लहानसे यंत्र आणले आहे आणि २० टक्क्यांच्या वर निघालेले लाकूड मी वापरत नाही. रात्रीचे करत नाही. पेटवण्याआधी उदबत्ती लावून वारा कुठे जातो ते पाहते. शेजारी समजतो की ही पूजा आहे, आणि मी तसे समजू देते. हे सगळे भावाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, छान. पुढे काही बोलला नाही.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि रात्री ऑक्सिजनच्या यंत्रावर झोपते. मी दर शनिवारी तिला व्हिडिओवर फोन करते. ज्या शनिवारी स्मोकर पेटलेला असतो त्या शनिवारी करत नाही, रविवारी करते, आणि काल का केला नाहीस असे तिने विचारले की पाहुणे होते असे सांगते. मागच्या महिन्यात तिने विचारले, "पावण्यांका काय केललंस?" मी म्हणाले, वरण-भात.