मोडी कागद, जेपेग आणि नसलेले ठिपके

गेल्या वर्षी मृग लागण्याआधी राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरची पेटी खाली काढली, तेव्हा आजोबांनी जपलेले साठेक मोडी कागद हाती आले. दमट हवेने आणि कसरीने कडा खाल्ल्या होत्या, म्हणून ते तातडीने स्कॅन करायचे ठरवले. स्कॅनरने आपणहून पुढे केलेला जेपेग, म्हणजे थोडा तपशील गाळून चित्राची फाइल लहान करणारा प्रकार, मी तसाच स्वीकारला. मग रोज संध्याकाळी एखादा कागद सरळ करायचा, कडा कापायच्या, शाई गडद करायची आणि दर वेळी त्याच फाइलवर सेव्ह करायचे, असा क्रम चालला.

रत्नागिरीतील मोडीच्या एका जाणकार गुरुजींकडे फाइली पाठवल्यावर त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न केला, "अहो, अक्षरांभोवती हे ठिपके दिसतायत, ते शाईचे की कागदाचे?" मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नसल्यामुळे एखादा ठिपका अनुस्वार आहे की डाग, हा प्रश्न किरकोळ नसतो. मी मूळ कागद उजेडात धरला. तिथे ठिपके नव्हतेच.

कारण शोधताना कळले की जेपेग चित्राचे 8 बाय 8 बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील 64 मूल्यांचे उजेड-अंधाराच्या मंद व जलद चढउतारांत रूपांतर करते. हे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या संशोधकांनी 1974 मध्ये मांडले होते, हे वाचून मला आनंद झाला. डोळ्याला सहसा न जाणवणारे जलद चढउतार नंतर ढोबळ करून बरेचसे शून्यावर आणले जातात. आकाश, समुद्र, जांभ्याची भिंत अशा छायाचित्रांत हे खपून जाते. पण बोरूच्या रेषेची धारदार कड नेमकी याच चढउतारांवर उभी असते, आणि ते गेले की कडेभोवती तरंगांसारखे ठिपके उमटतात. त्यातून मी कागद तिरका फिरवून आणि कडा कापून पुन्हा सेव्ह केल्यामुळे चौकोन दर वेळी नव्या जागी पडत होते आणि प्रत्येक फेरीत नवी हानी होत होती.

सगळे कागद पुन्हा स्कॅन केले, या वेळी पीएनजीमध्ये. हा प्रकार शेजारच्या बिंदूंवरून पुढच्या बिंदूचा अंदाज बांधतो, फक्त फरक नोंदवतो आणि तो दाबून ठेवतो. उघडल्यावर एकही बिंदू बदललेला नसतो. 300 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 300 बिंदू धरून, ए-फोर कागदाचे सुमारे 87 लाख बिंदू होतात; प्रत्येक बिंदूच्या रंगाला तीन बाइट धरले तर न दाबता जवळजवळ 26 एमबी. जुन्या कागदाचा खरखरीत पोत अंदाजात बसत नसल्याने पीएनजी फाइलही बरीच जड झाली, पण हार्ड डिस्कवरची जागा मला त्या अक्षरांपेक्षा मोलाची वाटली नाही. आता दुरुस्ती पीएनजीच्या प्रतीवर होते आणि नातेवाइकांना पाठवायचे जेपेग शेवटी एकदाच काढतो.

नव्या फाइली पाहून गुरुजींनी ठिपक्यांमुळे अडलेली ओळ त्याच दिवशी वाचून दिली.