तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरं पाणी

नाही, चहाच्या त्याच पत्तीवर दुसरं पाणी टाकतो ते पैसे वाचवायला नाही. हे आधीच सांगून टाकायचं, कारण पहिला प्रश्न कायम तोच असतो: "एकदा वापरलेल्या पत्तीवर परत पाणी? इतकी काटकसर?" दुसरा प्रश्न जरा मऊ आवाजात येतो: "की ही पान खुडणाऱ्यांबद्दलची कृतज्ञता वगैरे आहे?" पहिल्याचा राग येत नाही. दुसऱ्याचा येतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

नारळाचं दुसरं दूध काढणाऱ्याला कोणी चिक्कू म्हणत नाही. कालवणात आधी पातळ दूध, उतरवताना जाड; त्याला सुगरणपण म्हणतात. चहाचं दुसरं पाणी म्हटलं की मात्र डोळ्यांसमोर टपरीवरचं पातेलं येतं, सकाळच्या चोथ्यावर चमचाभर नवी पावडर. ती धास्ती रास्तच आहे. रोजच्या दाणेदार पावडरीवर, म्हणजे सीटीसीवर, दुसरं पाणी टाकूच नका. १९३०च्या दशकात आसामात आलेलं सीटीसीचं यंत्र पान चिरडतं, फाडतं आणि वळतं. दाण्यात राखीव काही राहत नाही. असेल ते पहिल्याच उकळीला बाहेर. चोथा गुलाबाच्या कुंडीत घाला, पण साखर घालून उकळला असेल तर आधी धुवा, नाहीतर मुंग्या.

दुसरं पाणी चालतं ते अख्ख्या, वळलेल्या पानाच्या ऑर्थोडॉक्स चहावर. उदाहरणार्थ दार्जिलिंगचा सेकंड फ्लश. (सेकंड फ्लश म्हणजे दुसरं पाणी नव्हे, मे-जूनमधली खुडणी. हेही दर वेळी सांगावं लागतं.)

अडीच ग्रॅम पत्ती, काट्यावर तोलून. चमच्याचा भरवसा नाही, कारण ही पानं फुलारलेली असतात. २०० मिली पाणी, उकळी बसल्यावर ओतलेलं. झाकण, तीन मिनिटं. पुढचं सगळं ठरतं गाळताना. शेवटचा थेंब निथळला पाहिजे. किटलीच्या तळाशी दोन चमचे पाणी राहिलं तर पत्ती त्यात मुरत राहते, सगळा तुरटपणा त्या दोन चमच्यांत उतरतो आणि पुढच्या कपात तोच येतो. मग लोक म्हणतात दुसरं पाणी कडू असतं. झाकण काढून ठेवा, नाहीतर पानं स्वतःच्याच वाफेत शिजतात.

वीस मिनिटांच्या आत दुसरं पाणी: १५० मिली, या खेपेला खळखळतं, पाच मिनिटं. पाणी कमी आणि वेळ जास्त, कारण वरवरचं सगळं निघून गेलेलं असतं, आता घडीच्या आतलं यायचं असतं. जाळीच्या छोट्या गोळीत पत्ती कोंबली असेल तर ती घडी उलगडतच नाही. रात्रभर ओली राहिलेली पत्ती सरळ फेकायची. आणि दुसऱ्या पाण्यात कॅफिन कमी असतं, शून्य नव्हे. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

चव? द्राक्षासारखा तो प्रसिद्ध वास गेलेला असतो. रंग फिका, तुरटपणा फक्त जिभेच्या कडांना, मागे ओल्या लाकडासारखं काहीतरी गोडसर. बरी असते. चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ नावाचं मानक आहे: १०० मिलीला २ ग्रॅम, सहा मिनिटं. त्यात दुसऱ्या पाण्याला जागाच नाही, आणि त्यांचं काही चुकलंय असं म्हणवत नाही.

मग कृतज्ञता. पूर्वी याचा हिशोब मी मोठ्या तोऱ्यात मांडत असे. किलोभर चहाला चार-साडेचार किलो ओला पाला लागतो. म्हणजे अडीच ग्रॅम पत्तीत, ढोबळमानानं, पन्नासेक खुडे. दोन पानं आणि एक कळी, प्रत्येक खुडा हातानं तोडलेला. ते तीन मिनिटांत फेकून देणं हा माजच. हिशोब अजूनही बरोबर आहे. निष्कर्ष मात्र २०१७नं मोडला.

त्या वर्षी गोरखालँड या वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी दार्जिलिंग १०४ दिवस बंद होतं, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. म्हणजे ऐन सेकंड फ्लशमध्ये. चहाचं झुडूप मुळात झाडच आहे. दर आठवड्याला खुडतात म्हणून ते कमरेएवढं आणि वरून सपाट राहतं. हात थांबले की ते झाड व्हायला लागतं. कोवळा खुडा आठ-दहा दिवसांत जून होतो, पान चिवट होतं, आणि ते पुन्हा कोवळं होत नाही. वर तण माजतं. बंद उठल्यावर लगेच टोपल्या घेऊन जाता येत नाही; आधी तण काढायचं, वाढलेलं छाटायचं, मग नव्या फुटीची वाट पाहायची, तोवर थंडी. त्या वर्षीचं उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्यावरही आलं नाही. खुडणाऱ्या बायकांचे त्या दिवसांचे रोज बुडाले ते बुडाले.

त्यांच्यापर्यंत माझं दुसरं पाणी कसं पोचणार? उलट, पत्ती दुप्पट पुरली म्हणजे पुढची खरेदी लांबली. २०२३ साली पश्चिम बंगालच्या मळ्यांतली मजुरी दिवसाला २५० रुपये झाली. माझ्या किटलीत पान किती वेळा भिजलं याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही. आभार मानायचेच तर जास्त दामाची पत्ती घ्यावी, असंही म्हणून पाहिलं. पण वाढीव दाम मळ्यापर्यंत किती उतरतो, हे पुडक्यावर छापलेलं नसतं.

तरीही पाणी टाकतोच आम्ही. पान पुरतं उलगडलेलं दिसतं ते दुसऱ्या पाण्यातच: देठ, कडेचे दाते, कधीकधी खुड्याची मोडही. ते पाहण्याला कृतज्ञता म्हणायचं तर म्हणा. मला तो शब्द जड वाटतो, आणि काटकसर हा खोटा.

तिसऱ्या पाण्याचं विचाराल, तर वास येतोय असं वाटतं. तो किटलीचा असतो.