लेटचा डबा

परवा दुपारी गच्चीत पाठ शेकत मटार सोलत होते, तेवढ्यात भाचीचा दिल्लीहून मेसेज आला. 'मावशी, धुकं. गाडी सात तास लेट, अजून फलाटावर लागलीच नाही.' मी घाईघाईने विचारलं, 'बरोबर खायला काय आहे?' उत्तर आलं, 'अ‍ॅपवरून मागवते ना!' विषय संपला.

आमच्या लहानपणी तो इतक्या लवकर संपत नसे. काका सैन्यात, अंबाल्याला. नाताळच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून तिकडे जायचो. आई तीन डबे भरायची. पहिला पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्यांचा. तो दौंडच्या पुढे टिकला तर शपथ. दुसऱ्यात दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, भोपाळच्या आसपासची सोय. तिसरा फडक्यात गच्च बांधलेला. त्याचं नावच 'लेटचा डबा'. त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग आणि डिंकाचे लाडू. गाडी वेळेवर पोहोचली तर तो तसाच काकूच्या हवाली व्हायचा, म्हणजे आमच्या लेखी वायाच. त्यामुळे आग्रा सोडलं की मी आणि दादा काचेला नाक लावून धुक्याची आराधना करत बसायचो. बाकीचा डबा हवालदिल, आम्ही खूश.

पण लेट म्हणजे नेमकं काय, यावर बाबांचे नियम कडक. मधेच कुठे दोन तास उभी राहिली तरी ते मोजायचं नाही, गाडी पुढे वेळ भरून काढते. अंबाल्याची वेळ घड्याळात उलटून गेली पाहिजे, मगच गाठ सुटणार. पुढे आयुष्यात बऱ्याच न्यायाधीशांबद्दल वाचलं, इतका निष्ठुर एकही सापडला नाही.

एकदा पहाटे पोहोचायचं ते उजाडलं तरी पानिपतच्या अलीकडेच होतो. उजाडलं म्हणायचं इतकंच, खिडकीत नुसतं ताक. समोरच्या बर्थवरच्या सरदारजींनी आमचे लाडू खाल्ले आणि आम्हाला गजक दिली. अधूनमधून गाडी पाच-दहा मिनिटं सरके, पुन्हा थांबे. तिकडे गव्हाच्या ओल्या शेतांवर रात्री गारठा उतरतो, वारा पडलेला असतो, मग धुकं हटायचं नावच घेत नाही. सिग्नल अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणून एक गाडी हळू चालते आणि तिच्यामागे सगळ्या खोळंबतात. उशिरा आलेले तेच डबे धुऊनपुसून परत पाठवायचे, म्हणून परतीची गाडीही उशिरा. धुकं पंजाबात पडतं आणि माणसं लख्ख उन्हात पुणे स्टेशनवर ताटकळतात.

आता इंजिनात 'फॉग पास' नावाचं जीपीएसचं यंत्र असतं, पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते चालकाला सांगतं. धुक्यात पूर्वी ताशी 60ची मर्यादा असायची, या यंत्रामुळे ती 75पर्यंत गेली. काश्मीरच्या वंदे भारतच्या तर पुढच्या काचेतच बर्फ धरू नये म्हणून तापवायची सोय आहे. या वेगाने लेटचा डबा नामशेष होणार, त्याचं मला उगीच वाईट वाटतं. आई असती तर 'यंत्राचं काय सांगावं' म्हणून तिने तो तरीही भरला असता.

त्या पहाटे इंजिनाखाली धाडधाड दोन बार झाले. दादाच्या हातातला लाडू खाली. बाबा म्हणाले, 'फटाके आहेत. पुढे सिग्नल आहे हे ड्रायव्हरला कळावं म्हणून रुळावर लावतात.' सिग्नलच्या 270 मीटर अलीकडे, दहा मीटरच्या अंतराने दोन. ते लावायला रेल्वेचा माणूस रुळावर उभा असतो, रात्रभर, त्याच धुक्यात. मी विचारलं, 'मग त्याला गाडी कशी दिसते?'

'ऐकू येते,' बाबा म्हणाले.

'आणि दोन्हीकडून एकदम आल्या तर?'

बाबांनी मला आणखी एक लाडू दिला. तेव्हा तेवढ्यावर भागलं. धुक्यात रुळांवर काम करणारी माणसं गाडीखाली सापडल्याच्या बातम्या अजूनही येतात, आतल्या पानावर, चार ओळींच्या. गाड्या किती तास लेट आहेत ते मात्र पहिल्या पानावर असतं.