उभी रांग अखेर मोडू लागली (आणि सेकंडहँड एफडब्ल्यूबी 700 रायफलीचा सौदा मोडला)

शनिवारी एअर रायफलवर 101.7 ची सिरीज (दहा शॉटची बेरीज) लागली. नेमबाजीत परत आल्यापासून शंभरी ओलांडणारी ही पहिलीच, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. माझ्या काळी 10 म्हणजे 10. आता दशांशात मोजलेलं 10.1 पाहिलं की जीव खालीवर होतो. शेवटचं पेलेट (छर्रा) 10.8 होतं, आणि एका शॉटला जास्तीत जास्त 10.9 मिळतात. स्क्रीनवरचा तो ठिपका मी बराच वेळ नुसता बघत बसले.

त्याआधीचे तीन आठवडे मात्र वैतागाचे होते. क्लबच्या वॉल्थर एलजी400 रायफलीवर माझे शॉट उभ्या रांगेत पडत होते: 10.4, मग थेट वर 9.2, मग खाली 9.0. डावीकडे-उजवीकडे काहीच चूक नाही. आधी संशय पेलेटवर. आर10 पेलेट 4.50 आणि 4.49 मिमी, दोन्ही मापांची मारून पाहिली, फरक शून्य. (एका दुकानदाराने 4.50 च्या नावाखाली लेबल खरवडलेला डबा दिला होता. सीलबंद नसेल तर डबा घेऊच नका.) मग संशय रेग्युलेटरवर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग), मग श्वासावर. शेवटी रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळून दहा पेलेट मारली. दहाही एकाच भोकात! म्हणजे दोष माझा.

मैत्रिणीने बाजूने मोबाईलवर दहा शॉट टिपले, तेव्हा उलगडलं. बटप्लेट (दस्त्याची खांद्याला टेकणारी मागची पट्टी) दर वेळी खांद्यात वेगळ्या उंचीवर बसत होती, जॅकेटच्या शिवणीपासून जवळजवळ बोटभर फरकाने. मान त्या मागोमाग वाकायची आणि डोळा पीपमागे (मागच्या साईटच्या बारीक भोकामागे) वर-खाली सरकायचा. जुन्या एफडब्ल्यूबी (फाइनवेर्कबाऊ कंपनीच्या) 603 रायफलीवर हे कधीच झालं नाही. तिथे प्रत्येक शॉटला हवा भरायची म्हणून रायफल स्टँडवर टेकवून मोठा लीव्हर ओढावा लागे. त्या सक्तीच्या थांब्यात खांदा, कोपर, मान, सगळं नव्याने लावलं जायचं. सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या हवेवर चालणाऱ्या आताच्या रायफलीत लीव्हर बोटाने उघडतो, पेलेट आत, की मी घाईघाईने वर!

बटप्लेट 8 मिमी खाली घेतली, त्यामुळे साईट डोळ्यापर्यंत आली. चीकपीस (गाल टेकवायचा भाग) 3 मिमी वर. आता आधी खालचा हुक काखेत बसवते, मग डोळे मिटून मान सोडते, उघडल्यावर पीप समोर असेल तरच पुढे. रोज घरी वीस मिनिटं ड्राय (पेलेट न भरता सराव). उभी रांग अजून पूर्ण गेलेली नाही, पण निम्म्यावर आली आहे.

यामुळे खरेदीचा बेतच बदलला. मागच्या वेळी जी घ्यायचं लिहिलं होतं ती सेकंडहँड एफडब्ल्यूबी 700 आता नको. विकणाऱ्याने सिलिंडरवरची तारीख शेवटपर्यंत दाखवली नाही, आणि दहा वर्षं उलटलेल्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा भरायची माझी तयारी नाही. शिवाय तिची बटप्लेट मला हवी तेवढी खाली जात नाही. नळ्या सगळ्याच रायफलींच्या माझ्यापेक्षा चांगला नेम धरतात. मला जुळवून घेणारा दस्ता हवा. म्हणून एलजी400 अल्युटेक किंवा एफडब्ल्यूबीचीच 800एक्स.

हे लिहिताना सुचलं: क्लबच्या रायफलीवरची सगळी मापं आधी उतरवून घ्यावीत. बटप्लेटची उंची, लांबी, चीकपीस, सगळं. मग दुसऱ्याची 800एक्स हातात आली की तिला त्याच मापावर लावून साठ शॉट मारायचे, आणि ग्रुप (शॉट किती जवळजवळ पडले ते) न बघता आधी व्हिडिओ बघायचा. जॅकेट मात्र माझंच. रविवारी बालेवाडीला एकीने तिची 800एक्स आणायचं कबूल केलंय. फूटपट्टी आणि अॅलन की पिशवीत टाकल्या आहेत.