भर उन्हातली कोथिंबीर

मे महिन्यात कोकण किंवा महाबळेश्वर सोडून जुन्नर तालुक्यातल्या भाजीच्या मळ्यावर राहायला जाणे हे शहाणपणाचे लक्षण नाही, असे घरातल्या सर्वांचे मत होते आणि उकाड्यापुरते ते खरेही निघाले. पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव गाठले आणि तेथून मामांच्या वस्तीवर गेलो. शिवनेरी, ओझरचा गणपती, खोडदच्या रेडिओ दुर्बिणी हे सारे पाहून झाले, पण त्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते कोथिंबीर उपटण्याच्या एका दुपारबद्दल.

उन्हाळी कोथिंबीर हा उघड जुगार आहे. कडक उन्हात उगवण विरळ होते, रोपे लवकर फुलावर येतात आणि मध्येच वळीव कोसळला तर पानांवर चिखल उडून माल सडू लागतो. म्हणूनच बाजारात आवक कमी राहते आणि भावाच्या आशेवर मामा दर उन्हाळ्यात थोडी तरी करतातच. पेरण्यापूर्वी धने रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या लागतात. त्या आठवड्यात वीज रात्रीची असल्याने पाणीही रात्रीच द्यावे लागे आणि बिबट्यांच्या या तालुक्यात मामा मोटर चालू करायला जाताना हातात बॅटरी घेत व खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने भजन लावून ठेवीत.

नारायणगावच्या बाजारात पालेभाज्यांचा लिलाव संध्याकाळी होतो आणि कोथिंबीर सकाळीच उपटून ठेवली तर तोवर ती माना टाकते. त्यामुळे सारे गाव ज्या वेळी सावलीला पडते, नेमक्या त्याच वेळी बायका वाफ्यात उतरतात. डोक्यावरचा पदर घट्ट आवळून, उकिडव्या बसून त्या पुढे सरकत होत्या. मूठभर रोपे मुळांसकट ओढायची, हातावर आपटून माती झाडायची, मुळे एका रेषेत आणायची आणि सुतळीच्या तुकड्याने जुडी बांधायची, हे सगळे इतक्या झपाट्याने चाले की त्यात गप्पांचाही खंड पडत नसे. मजुरी जुड्यांवर होती, तेव्हा पाणी प्यायला उठणे म्हणजेही नुकसानच होते. मी मदतीला बसलो, तर मामी म्हणाल्या, "तू ऊठ बरं, ऊन लागंल. सावलीला बस." तयार जुड्या मात्र लगेच आंब्याखाली नेऊन त्यांवर ओले गोणपाट टाकले जात होते आणि ते सुकले की मामांचा मुलगा धावत जाऊन पुन्हा पाणी मारत होता. कोथिंबिरीला जपणारी ही व्यवस्था मला फार खटकली. मामांना तसे बोललो तेव्हा ते रागावले नाहीत. लिलाव सकाळचा असता तर आपणही पहाटेच उपटली असती, एवढेच म्हणाले.

बाजारात जुड्यांचे ढीग जमिनीवर रचलेले होते आणि भाव शेकड्याने पुकारले जात होते. व्यापाऱ्यांचा घोळका ढिगापाशी थांबे, कोणी एक जुडी उचलून हलवून पाही, दोन-चार बोल्या होत आणि घोळका पुढे सरके. आमच्या ढिगाला शेकडा नऊशे मिळाले. शेजारच्या ढिगाला तेराशे मिळाले, आणि दोन्हींतला फरक मला आजही सांगता येणार नाही; मामांच्या मते तिची काडी लांब आणि पान गडद होते. शहरात मिरच्यांवर फुकट कोथिंबीर मागणाऱ्यांना एकदा तरी येथे उभे करावे, असे मला फार वाटले.

परतताना मामांनी टेम्पोतच मजुरी, गाडीभाडे, हमाली वजा करून हिशेब केला. हातात राहिले ते फार नव्हते, पण तोटाही नव्हता. मामींनी फोनवर पहिला प्रश्न भावाचा विचारला आणि दुसरा धने आणायचे लक्षात आहे का, हा. टेम्पो बियाण्यांच्या दुकानासमोर उभा करून मामा उतरले.