शहाणी बाई कोर्टाची पायरी चढली

बॉस्टनहून पश्चिमेला निघालं की बर्कशायरच्या डोंगरात स्टॉकब्रिज लागतं. गेलो होतो ऑक्टोबरातली रंगलेली झाडं बघायला, रमलो कब्रस्तानात. मधोमध थिओडोर सेजविक, भोवती रिंगण धरून पोरं, नातवंडं, पतवंडं. सगळ्यांचे पाय आत. शेवटच्या निवाड्याला उठल्यावर सेजविकांना फक्त सेजविकच दिसावेत म्हणून, अशी थट्टा करतात. या रिंगणाला 'सेजविक पाय' म्हणतात. खायचा गोल पाय हो, पण मराठी माणसाला दुसरेच आठवणार!

येलची पदवी न घेताच हा गृहस्थ 1766 साली वकील झाला. पुढे काँग्रेस, सिनेट, 1799 ते 1801 प्रतिनिधीगृहाचा सभापती आणि 1802 पासून 1813 मध्ये मरेपर्यंत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश. तरी आज नाव निघतं ते 1781 च्या एका खटल्यामुळे.

शेजारच्या शेफील्डला कर्नल ॲश्लीकडे बेट नावाची गुलाम बाई होती. मालकिणीने चुलीतलं तापलेलं फावडं घरातल्या दुसऱ्या मुलीवर उगारलं, तेव्हा बेटने मधे हात घातला. तो डाग तिने कधी झाकला नाही म्हणे, कुणी विचारलं तर म्हणायची, "बाईसाहेबांनाच विचारा."

राज्याच्या 1780 च्या घटनेत लिहिलं होतं की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. तिला वाचता येत नव्हतं, पण कान तिखट. ती सेजविककडे गेली. गंमत म्हणजे 1773 मध्ये ॲश्लीच्याच घरी बसून सेजविक आणि मंडळींनी इंग्रजांविरुद्धचे ठराव लिहिले होते. आणि ॲश्ली स्वतः न्यायाधीश राहिलेला! ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्युरीने बेट आणि तिच्यासोबतच्या ब्रॉमला मोकळं केलं, वर 30 शिलिंग भरपाई. मग ती एलिझाबेथ फ्रीमन झाली, सेजविकांकडे पगारावर राहिली.

सेजविकला मात्र देव्हाऱ्यात बसवू नका. पळालेले गुलाम मालकाला परत देण्याच्या विधेयकासाठी 1791 मध्ये समिती नेमली, तिच्यात हाच होता. वकील तो वकील.

रिंगणात तिचाही दगड आहे, 1829 चा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे त्यावरच कोरलंय. वर कुणीतरी चिल्लर ठेवलेली. मी गाडीपर्यंत जाऊन एक सेंट शोधून आणला.